सड्यावरचे तीन दिवस: सातारा, कास आणि कोल्हापूर

आमच्या झाडप्रेमी मंडळाची सप्टेंबरची सहल यावेळी तीन दिवसांची ठरली. नेहमी आम्ही सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतो, एखादी नर्सरी नाहीतर एखादी देवराई, आणि येताना सगळ्यांच्या मांडीवर कुंड्या असतात. यावेळी मॅडमनी (वनस्पतीशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, आमच्या सगळ्या सहली त्याच आखतात) व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच टाकलं होतं की खुरपी, पिशव्या, कुंड्या सगळं घरी ठेवायचं, भिंग मात्र प्रत्येकाने आणायचं, आणि गुडघ्याखाली घ्यायला एक जुनं पोतं. काकूंना हे अजिबात पटलं नव्हतं. काकू म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात जुन्या गच्चीवाल्या, दीडशे कुंड्या, सगळं खत घरचं, दुसऱ्याच्या हातून मेलेलं रोप त्यांच्याकडे जगतं. त्या मला फोनवर म्हणाल्या, अगं एवढं लांब जायचं आणि एक फांदीसुद्धा आणायची नाही, मग जायचं कशाला?

हा प्रश्न माझ्याही मनात होता, खरं सांगते.

दिवस पहिला, बुधवार: ठोसेघर आणि चाळकेवाडी

सकाळी सहाला स्वारगेटवरून निघालो, सतरा जण, एक टेम्पो ट्रॅव्हलर. मुद्दाम मधला वार निवडला होता कारण शनिवार-रविवारी साताऱ्याच्या त्या रस्त्यांवर या दिवसांत गाड्यांची रांग लागते. खंबाटकीच्या आधी चहा, साताऱ्यात पोहे आणि मग थेट सज्जनगडाच्या रस्त्याला. गडावर समर्थांच्या समाधीचं दर्शन घेतलं, प्रसाद घेतला, ठोसेघरचा धबधबा बघितला. तो एवढ्या धुक्यात होता की आवाजच जास्त आणि पाणी कमी दिसलं, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

खरा दिवस सुरू झाला तो पुढे चाळकेवाडीच्या पठारावर. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, हा जांभा दगडाचा सपाट सडा आहे, लांबच्या लांब, आणि त्यावर जिकडे बघाल तिकडे पवनचक्क्या. वारा असा की छत्री उघडायचा प्रश्नच नाही. गाडीतून उतरल्यावर पहिली पाच मिनिटं सगळे म्हणत होते की इथे काय आहे, खडक आणि गवत तर आहे! मग मॅडम एका डबक्याच्या कडेला उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, इकडे या, पण पाय दगडावरच ठेवा.

डबक्यात वायतुरा होता. ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. पाण्यावर आलेली फिकट गुलाबी फुलांची दोन कणसं, खाली एकत्र जोडलेली, इंग्रजी वाय अक्षरासारखी, म्हणून वायतुरा. हंगाम संपत आलेला, आम्हाला तीन-चारच मिळाले. या वनस्पतीची शास्त्रीय नोंद झाली १९८२ साली, म्हणजे माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधीपर्यंत विज्ञानाच्या वहीत हिचं नावसुद्धा नव्हतं, आणि नावात चक्क सातारा आहे. पावसाळा संपला की डबकं आटतं, वरचं सगळं वाळून जातं आणि खाली चिखलात छोटासा कंद राहतो, तो पुढचे सात-आठ महिने उन्हात तापलेल्या दगडाच्या खळग्यात तसाच पडून असतो. पहिला पाऊस झाला की पुन्हा पान. मी ते डबकं नीट बघितलं. आमच्या घरच्या परातीएवढं असेल. त्या सबंध सड्यावर त्याला हवी तशी जागा म्हणजे अशी काही डबकी, बस.

मग मॅडमनी सरड्याची गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, इथले नर सरडे दगडावर चढून गळ्याखालचा निळा-काळा-केशरी पंखा उघडून माद्यांना दाखवतात. २०१६ साली या सरड्यांचा अभ्यास करून नवी प्रजाती मांडली गेली आणि तिचं शास्त्रीय नावच ठेवलं 'सरडा', आपला मराठी शब्द, इथला जो आहे तो सरडा सुपर्बा. पुढे २०१८ मध्ये याच पठारावरचा अभ्यास आला की पवनचक्क्या आहेत तिथे शिकारी पक्षी कमी झाले, म्हणून सरडे वाढले आणि ते कमी घाबरट झाले. म्हणजे वर पातं फिरतंय आणि खाली जमिनीवरचा सगळा हिशोब बदलतोय. सप्टेंबरात पंखा बघायला मिळत नाही, पण आमच्यातल्या दोघांनी तिथेच मे महिन्याची सहल मागून घेतली.

रात्री साताऱ्यात मुक्काम. हॉटेलमध्ये गरम पाणी नव्हतं आणि खोल्या बुकिंगपेक्षा दोन कमी निघाल्या, त्यामुळे आम्ही चौघी एका खोलीत झोपलो. काकू उशिरापर्यंत भिंग हातात घेऊन बेडवर बसून हॉटेलच्या कुंडीतल्या मनीप्लँटचं पान बघत होत्या.

दिवस दुसरा, गुरुवार: कास

यवतेश्वरचा घाट चढून गेलं की रस्ता एका लांबलचक धारेवरून जातो, एका बाजूला कण्हेर धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला उरमोडीचं, आणि मध्येच ढग येऊन दोन्ही पुसून टाकतो. बुकिंग आधी ऑनलाइन केलेलं होतं. दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आहे, आणि मला वाटतं तीसुद्धा जास्तच आहे. गाडी पार्किंगला लावली आणि गाईड घेतला. इथे कास, एकीव, आटाळी, कुसुंबी या आजूबाजूच्या गावांच्या समित्या वनखात्याबरोबर सगळं बघतात, गाईडही तिथलीच पोरं. आमच्याबरोबर आलेला दादा पंचविशीचा असेल, शास्त्रीय नावं घडाघडा बोलायचा आणि त्याच दमात आज्जी त्याला काय म्हणायची तेही सांगायचा.

कासबद्दल सगळ्यांनी इतकं ऐकलेलं असतं की फुलांचा गालिचा नाही दिसला की लोक तिथेच चिडतात. समुद्रसपाटीपासून साधारण बाराशे मीटर उंचीचं हे पठार, साडेआठशेच्या आसपास वनस्पतींच्या जाती, २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यात महाराष्ट्रातली चार होती, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. हे सगळं खरं. पण गालिचा हा काही कायमचा अंथरलेला नसतो. पाऊस किती पडला, मध्ये उघडीप किती मिळाली, यावर दर पंधरवड्याला रंग बदलतो. आम्ही गेलो तेव्हा पांढरे गेंद (एरिओकॉलॉन, लोकरीच्या बारीक बटणांसारखे) भरात होते, त्यांच्यामधून सीतेच्या आसवांचा जांभळा-निळा पट्टा, कडेने गुलाबी तेरडा, आणि पिवळी सोनकी आता कुठे सुरू होत होती. मिकी माउस म्हणून ज्याचे फोटो फिरतात तो कवला, स्मिथिया, त्याची पिवळी फुलं तांबड्या ठिपक्यांची, ती बघून तर काकू लहान मुलीसारख्या हसल्या.

ऊन आलं तेवढी वीस मिनिटं आम्ही कोणीच बोललो नाही.

टोपली कारवीच्या गोल गोल टोपल्या जागोजागी होत्या, पण हिरव्याच. ती सात वर्षांनी एकदा सगळी मिळून फुलते. एका बाईंनी गाईडला विचारलं की मग आत्ता तिचा काय उपयोग. तो म्हणाला, ताई, सात वर्षं तयारी करतीया ती.

मग पायवाटेच्या कडेला, उघड्या दगडावर पोतं टाकून गुडघे टेकले आणि भिंग काढलं. ड्रोसेरा, म्हणजे दवबिंदू. लालसर पानं, प्रत्येक पानावर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, त्यात एक चिलट अडकलेलं, पाय हलत होते. आणि सीतेची आसवं, जी एवढी नाजूक दिसतात, तीही कीटकभक्षीच. तिच्या मुळांच्या जागी ओल्या मातीत टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात, सूक्ष्म जीवाचा स्पर्श झाला की झडप उघडते आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो, डोळ्याची पापणी लवायच्या आत.

का, तर मातीत काही नाहीच म्हणून. इथे काकूंनी आपला प्रश्न काढला. दोन दिवस दाबून ठेवला होता. त्या गाईडला म्हणाल्या, बाळा, एवढी लाखो आहेत, हे एक दवबिंदूचं रोप मी मुळासकट नेलं तर काय बिघडतं, माझ्याकडे मरणार नाही, मी वचन देते तुला. तो म्हणाला, न्हाई मावशी, त्ये उपटलं की संपलं. काकू ऐकेनात. तेव्हा मॅडमनी त्यांना वाटेच्या कडेला आधीच निघालेला मातीचा एक पापुद्रा दाखवला. तर्जनीचं पहिलं पेर जेमतेम बुडेल एवढीच माती, आणि खाली सलग जांभा. मॅडम म्हणाल्या, तुमच्या कुंडीत काय आहे? काकू म्हणाल्या, शेणखत, गांडूळखत, नीमपेंड. मॅडम म्हणाल्या, मग तुम्ही तिला मायेनेच माराल. खताचे क्षार या झाडांच्या मुळांना सोसत नाहीत, गरीब मातीत राहायचं म्हणून तर ती किडे पकडायला शिकली. शिवाय बोटभर मातीला धरून ठेवणारीसुद्धा हीच मुळं आहेत, ती निघाली की पुढच्या सरीला ती माती वाहून जाणार, आणि तेवढी पुन्हा साठायला किती वर्षं लागतील ते कोणी सांगू शकत नाही.

काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी तो पापुद्रा तसाच परत बसवला आणि वरून तळहाताने दाबला, जसं आपण रोप लावल्यावर दाबतो ना तसंच.

कुंपणाचा विषयही निघाला. मध्यंतरी वनखात्याने पठाराला तारेचं कुंपण घातलं होतं, गर्दी आवरायला. पण त्याने गावची गुरंही आत यायची थांबली, आणि गुरं नाहीत तर गवत वाढतं, गवत वाढलं की बारीक फुलांना ऊनच मिळत नाही असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. नंतर ते काढलं. गाईड म्हणाला, आमच्या म्हशी हितंच चरायच्या, फुलं तवाबी होती. मला हे महत्त्वाचं वाटलं, कारण आपण शहरातले लोक पटकन म्हणतो की माणूस आणि जनावर बाहेर काढा, निसर्ग आपोआप नीट होईल, आणि इथे गुरांचे खूर आणि तोंड हासुद्धा त्या फुलांच्या वर्षाचा भाग होता. चालणारी माणसं मात्र वेगळी गोष्ट आहे. आमच्या डोळ्यांसमोर एक जोडपं फोटोसाठी दोरी ओलांडून फुलांत जाऊन आडवं पडलं. गाईड धावला, शिट्टी मारली, ते उठले, आणि जिथे ते पडले होते तिथे दोन माणसांच्या आकाराचं चपटं हिरवं राहिलं. मला इतका राग आला की मी जाऊन बोलले त्यांच्याशी. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मुलगी रडवेली झाली आणि मग दोघंही आमच्याबरोबर कुमुदिनी तळ्यापर्यंत चालत आली, माझंच भिंग घेऊन.

कुमुदिनी तळं म्हणजे राजमार्गाने आत चालत गेलं की लागणारं उथळ पाणी, त्यावर पांढरी झालरवाली फुलं, मध्ये पिवळा ठिपका. लोक तिला कमळ म्हणतात, पण ती निम्फॉइड्स, कमळाशी नातं नाही. तिथे पाऊस असा आला की भिंगं, फोन, वह्या सगळं आत गेलं आणि आम्ही भिजत उभे राहिलो. खाली येऊन पिठलं-भाकरी, ठेचा, कांदा. भाकरी नाचणीची होती. मी तीन खाल्ल्या.

दिवस तिसरा, शुक्रवार: कोल्हापूर

खरं तर कासला आम्हाला कंदीलपुष्प बघायचं होतं, सेरोपेजिया जैनी, पण ती गवतात गवतासारखीच उभी असते आणि गाईडला ठाऊक असलेली जागा वाटेपासून आत होती, त्यामुळे त्याने नेलं नाही. बरोबरच केलं. म्हणून तिसऱ्या दिवशी कोल्हापूर. शिवाजी विद्यापीठातल्या लीड बोटॅनिकल गार्डनला भेट द्यायला मॅडमनी आधीच पत्र देऊन परवानगी घेतली होती. (कोणी जाणार असाल तर अशीच आधी विचारणा करून जा, ही काही तिकीट काढून फिरायची बाग नाही, इथे काम चालतं.)

कंदीलपुष्पांवर या विद्यापीठात फार मोठं काम झालंय, डॉ. एस. आर. यादव सर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचं. भारतातल्या सेरोपेजियांपैकी कितीतरी फक्त सह्याद्रीत सापडतात, एखादी फक्त एका किल्ल्याच्या उतारावर, एखादी एखाद्या घाटातल्या कड्यावर. हरिश्चंद्रगडावरची सेरोपेजिया लॉई हे त्यातलंच नाव. यांना कंद असतात आणि गुराखी, गावातली पोरं ते खणून खातात, खरपुडी म्हणतात, चवीला गोडसर. भुकेला खाल्लेल्याचं मला काही वाटत नाही, पण ज्या जातीची एकूण झाडंच थोडी, तिचा एक कंद गेला की त्याबरोबर पुढची बी पण गेली.

तिथे, शेडमध्ये, काकूंना शेवटी कुंडीत लावलेलं कंदीलपुष्प दिसलं. खाली फुगीर, वर लांब नळी, टोकाला पाच पाकळ्या एकमेकींना चिकटून कंदिलाची काच व्हावी तशा. तिथल्या एका संशोधक विद्यार्थिनीने फूल कसं चालतं ते सांगितलं. वासाने बारीक माशी येते, नळीत घसरते, आतले केस खालच्या दिशेने वळलेले म्हणून तिला वर चढता येत नाही. ती आत अडकते, धडपडते, परागाच्या पिशव्या तिला चिकटतात. मग फूल जुनं होतं, केस कोमेजतात, नळी वाकते आणि माशी सुटते. मरत नाही ती. दुसऱ्या फुलात जाऊन पुन्हा अडकते आणि त्यातूनच बी धरते.

काकूंनी विचारलं, माती कसली? मुलीने सांगितलं, ज्या जागेवरून आलं तिथल्यासारखीच, पाणी अजिबात न थांबणारी, खत जवळजवळ नाहीच, आणि पाऊस संपला की पाणी बंद, कंदाला झोपू द्यायचं. काकू म्हणाल्या, झोपलेल्या कुंडीकडे बघत बसायचं सहा-सात महिने? ती म्हणाली, हो काकू, तेच अवघड असतं, नवीन आलेले लोक काळजीने पाणी घालतात आणि कंद कुजतो. काकूंनी वहीत लिहून घेतलं. मी डोकावून बघितलं, एवढंच लिहिलं होतं: पाणी घालू नये.

इथे वाढवलेली रोपं पुन्हा मूळ डोंगरावर नेऊन लावायचे प्रयत्नही झालेत. म्हणजे कुंडी इथेही आहेच, पण ती डोंगराकडे परत जायच्या वाटेवरची. मंडळातल्या आम्हा सगळ्यांच्या गच्च्या डोळ्यांसमोर आल्या तेव्हा.

जेवायला तांबडा-पांढरा, आमच्यातल्या शाकाहारी मंडळींना मिसळ, आणि दोनला परतीला लागलो.

परतीच्या गाडीत

कराडच्या पुढे मॅडमनी पुढचं कॅलेंडर वाचायला घेतलं आणि गाडीत एकच गोंधळ. ऑक्टोबरात बियाण्यांची देवाणघेवाण, प्रत्येकाने स्वतःच्या बागेतलं धरलेलं बी आणायचं, पाकिटावर महिना लिहून. पिटुनियाची रोपं तेव्हाच टाकायची कारण जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन, प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला असतं ते. ही बाग चालवणारी अ‍ॅग्री हॉर्टिकल्चरल सोसायटी १८३० सालची आहे, आम्ही दरवर्षी जातो, यावेळी मंडळातर्फे कुंड्या मांडायच्या असं ठरलं. मार्चमध्ये पुण्याच्या टेकड्यांवर सकाळची फेरी, पळस-पांगारा बघायला, आणि गिरीपुष्पाच्या लागवडीने खालचं मूळचं गवत कसं गेलंय तेही बघायला. मुंबईच्या राणीच्या बागेतली उर्वशी फुलली की एक दिवस तिकडे, ती म्यानमारकडची, फुलांचे लोंबते लालभडक झुबके, तिला बघायला आगगाडीने जायचं.

आणि जुलैत कोकणातला सडा, राजापूर तालुक्यातलं देवाचे गोठणे. तिथे दीपकाडी फुलते, पांढरी, काडीवर लावलेल्या दिव्यांसारखी, पावसाळ्याच्या सुरुवातीला थोडेच दिवस. त्याच सड्यावर कातळशिल्पं आहेत, माणसाने हजारो वर्षांपूर्वी कोरलेली. मॅडम म्हणाल्या, कासला निदान दोरी आहे, गाईड आहे, शिट्टी आहे. कोकणातल्या कितीतरी सड्यांना सातबारावर पडीक म्हणतात, सुरुंग लावून खड्डे करून कलमं लावतात, चिरे काढतात, आणि पावसाळ्यात तिथे काय उगवायचं ते बघायला कोणीही गेलेलं नसतं. म्हणून आपण जाऊ या, मोजू या, लिहून ठेवू या. यादी केली तरी पुरे.

आठला स्वारगेटला उतरलो. नेहमीसारख्या डिकीतून कुंड्या उतरवायच्या नव्हत्या त्यामुळे सगळे पटकन मोकळे झाले आणि तरी कोणी हलेना. काकू पोत्याची घडी काखेत धरून रिक्षा बघत होत्या, मग परत फिरल्या आणि मॅडमना म्हणाल्या, जुलैचं माझं नाव लिहिलंत ना? पुढची सीट ठेवा बाई, गुडघे फार दुखतात. आणि भिंग तिथे कुठे चांगलं मिळतं, दहापटीचं, ते मला मेसेज करा.